करुणाची माती

चौथ्या दिवशी सकाळी पाऊस उघडला आणि बेबीनंदा चूल न पेटवताच ओढ्याकडं निघाली.

तीन दिवस सावरगव्हाणवर आभाळ नुसतं ओतत होतं. तिकडं गोदावरी तुडुंब, त्यामुळं ओढ्याचं पाणी पुढं सरकेना. ते शेतांत शिरलं, मग वस्तीत शिरलं. बेबीनंदाच्या घराची मागची भिंत बसली. डाळ, पीठ, गोधड्या, सगळं ओलं झालं. पण तिचं चित्त भिंतीत नव्हतं. तीन दिवस ती दाराशी उभी राहून एकाच दिशेला बघत होती.

ओढ्याच्या वळणावर, मालक काकासाहेबांच्या शेताच्या खालच्या अंगाला, लव्हाळ्यानं माजलेली एक चिंचोळी पट्टी होती. गावातल्या चार ख्रिस्ती घरांची माणसं तिथं पुरलेली. बेबीनंदाचा नवरा अंगद याच्या आज्यानं बाप्तिस्मा घेतला तेव्हापासून गावानं ती जागा त्यांना सोडलेली. कागद नव्हता, कुणी मागितलाही नव्हता. नऊ कबरी होत्या. त्यातली सगळ्यात नवी करुणाची. बेबीनंदा आणि अंगदची एकुलती पोर. अकरा वर्षांची होती. तीन वर्षांमागं अशाच भादव्यात तापानं गेली.

चपला हातात धरून, पोटरीएवढ्या चिखलातून पाय उपसत बेबीनंदा वळणावर पोचली, तर तिला आधी जागाच ओळखू येईना. कड उभी कापून नेली होती. सासूची कबर नव्हती, सासऱ्याची नव्हती, त्यांच्या शेजारच्या दोन नव्हत्या. आधी करुणाची कबर पट्टीच्या मधोमध होती, आता तीच काठावर आली होती; मागच्या चार अजून आत होत्या. अंगदनं सिमेंटमध्ये ओतून केलेला छोटा क्रूस ओढ्याकडं कलला होता. बेबीनंदा पालथी निजली आणि तिनं क्रूसापासून कडेपर्यंत हातानं मापलं. दोन हात. खाली लालभडक पाणी माती कुरतडत होतं. मधूनच एखादं ढेकूळ सुटायचं आणि डुबुककन आवाज यायचा.

"भिऊ नको," ती म्हणाली. "मी हाये."

ती घरी आली तेव्हा अंगद फावड्यानं घरातला गाळ बाहेर ओढत होता.

"पोरीची कड दोन हात राह्यली," ती म्हणाली.

त्याचं फावडं थांबलं नाही.

"आईची गेली. दादांची बी गेली."

आता थांबलं. "वाहून?"

"काहीच न्हाई तिथं. नुसतं पाणी."

त्यानं फावड्याच्या दांड्यावर हात टेकले. मग पुन्हा वाकला. "गेली तर गेली. आपण काय करणार?"

"करुणाला हलवू. वरच्या अंगाला कुठंतरी."

"कुठं? आपलं वावर हाये का कुठं? अन् हलवायचं काय? तीन वर्षं झाली. काय राह्यलं असंल तिथं?"

"जे राह्यलं असंल ते माझं हाये."

अंगदनं गाळाचं फावडं दाराबाहेर फेकलं. "तुझ्या देवाला सांग मंग. पाऊस त्याचाच हाये ना."

ह्या बोलण्याच्या मागं काय आहे ते बेबीनंदाला ठाऊक होतं. करुणाचं दुखणं सुरू झाल्याच्या तिसऱ्या दिवशी ताप चढला, तो रविवार होता. अंगद म्हणाला होता, आत्ताच जालन्याला नेऊ. ती म्हणाली होती, रखमाजी आबा प्रार्थनेला येतच आहेत, तिच्या डोक्यावर हात ठेवू दे त्यांना, मग निघू. त्यात दोन तास गेले. जालन्याला पोचले तेव्हा पोर डोळे उघडत नव्हती आणि दुसऱ्या दिवशी दुपारी संपली. माती देऊन आल्यावर अंगद एकदाच म्हणाला होता, "दोन तास." त्यानंतर तो विषय त्यानं काढला नाही. पण त्या दिवसापासून तो प्रार्थनेला बसला नाही. रविवार आला की विळा घ्यायचा आणि कुठल्यातरी बांधाला निघून जायचा.

ते दोन तास बेबीनंदाच्याही अंगात रुतलेले होते. भाकर थापताना, निंदताना, कधीही वर यायचे. तरी तिनं गुडघे टेकायचं सोडलं नाही. वस्तीतल्या बाया म्हणायच्या, एवढं होऊन तू अजून कशी गं बसतीस? तिला नीट सांगता यायचं नाही. देवाला सोडलं तर पोरीपर्यंत जायचा रस्ताच बुजेल, असं काहीतरी तिला वाटायचं.

दोन दिवसांनी तलाठी पंचनाम्याला आला. काकासाहेबांच्या ओट्यावर खुर्ची टाकली होती. पंचवीस-सव्वीस वर्षांचा पोरगा, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, डोळे जागरणानं तांबारलेले. ओट्याखाली गाव उभं होतं. कुणाचं सोयाबीन, कुणाची कपाशी, कुणाची म्हैस. एकेकाचं लिहून घेत तो पुढं सरकत होता. काकासाहेबांची बायको पुष्पाबाई आतून चहा आणून देत होती. ओट्यावरच्यांना कपबशीत, खालच्यांना कागदी पेल्यांत.

बेबीनंदाचा नंबर आला.

"साहेब, आमच्या चार कबरी वाहून गेल्या. पाचवी जाऊन राह्यली."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. तलाठ्यानं मान वर केली. तो हसला नाही.

"कबरींचा रकाना नाही, ताई. पीक, जनावर, घर एवढंच आहे. तुमची भिंत पडली ना? किती फूट?"

"बारा."

त्यानं बारा लिहिलं. "भिंतीपाशी उभं राहून फोटो काढून द्या. चेहरा दिसला पाहिजे. पुढचं कोण?"

ती बाजूला झाली, पण गेली नाही. गर्दी पांगेपर्यंत थांबली. मग ओट्याच्या पायरीशी आली. काकासाहेब साठीचा माणूस, आवाज चढवून बोलल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. बेबीनंदा आणि अंगद पंधरा वर्षं त्यांच्याच रानात राबत होते.

"मालक, वरचा मुरमाडाचा कोपरा हाये ना, निंबापाशी. तिथं काही पिकत न्हाई. पोरीपुरती जागा द्या. चार हात."

काकासाहेबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "बेबे, तुझं दुःख मला समजतं. पण वावर माझ्या एकट्याचं न्हाई. पोरं संभाजीनगरला. उद्या म्हणतील, बापानं वावरात मसणवाटा केला. बाया निंदायला यायच्या न्हाईत, भ्यायल्या म्हंजे."

"मी येईन की निंदायला."

"तू येशील गं." त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. "बघू. पाणी ओसरू दे."

बघू म्हणजे काय ते तिला कळत होतं. दाराच्या आड पुष्पाबाई रिकाम्या कपांचं ताट घेऊन उभी होती.

दुसऱ्या दिवसापासून काकासाहेबांच्या सोयाबीनमध्ये काम लागलं. पीक म्हणावं असं काही उरलं नव्हतं. शेंगांना झाडावरच कोंब फुटले होते, खालची पानं कुजून काळी पडली होती आणि सगळ्या रानाला आंबूस वास सुटला होता. हाताला लागेल तेवढं उपटून बांधावर टाकायचं, उन्हात वाळलं तर गुरांना तरी होईल. दिवसभर चिखलात उभं राहून बायांच्या पायांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या. बेबीनंदाची बोटं पांढरी पडून सोलत होती. संध्याकाळी ती एरंडेल लावायची आणि सकाळी पुन्हा त्याच चिखलात उतरायची.

सुट्टी झाली की ती सरळ घरी जात नव्हती. वळणावर जाऊन कड मापायची. दीड हात. दुसऱ्या दिवशी सव्वा. तिनं रिकाम्या गोण्यांत दगड भरून कडेच्या पायथ्याशी रचले, ते एका रात्रीत बसले. जालन्याच्या चर्चच्या पाळकसाहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "ताई, पूल पाण्याखाली आहे. मला निघता येईना. तुम्ही धीर सोडू नका. आपण आत्ताच प्रार्थना करू." ते प्रार्थना करू लागले आणि मधेच रेंज गेली. बेबीनंदा मुका फोन कानाला धरून बांधावर उभी राहिली आणि राहिलेलं तिनंच पुरं केलं.

रविवारी रखमाजी आबांच्या पत्र्याच्या खोलीत चार माणसं जमली. आबा अंगदचे चुलते, ऐंशीच्या पुढचे. डोळ्यांनी अंधुक दिसायचं, पण बायबलातलं पान न् पान तोंडपाठ. त्यांनी डफ घेतला, बायांनी टाळ्या धरल्या. पत्र्यातून टपकणाऱ्या पाण्याखाली पातेलं ठेवलं होतं. बेबीनंदाचा आवाज आधी निघेना. मग निघाला, आणि निघाला तो असा की शेजारणीनं वळून बघितलं. गाणं चालू असेतो तिच्या पायांची आग थांबली. छातीवरचा दगड कुणीतरी जरासा उचलून धरावा तसं झालं. पोर गेलेल्या बाईनं त्याला सुख म्हणायची तिला लाज वाटायची. पण होतं ते सुखच. आठवड्यातून एकदा, अर्धा तास, आणि त्यावर ती पुढचे सहा दिवस ओढायची.

उठताना ती म्हणाली, "आबा, ह्यांना तुमी सांगा ना. माझं ऐकत न्हाईत. देवालाच बोल लावतेत."

"काय म्हणतो?"

"पाऊस त्याचाच हाये म्हणतेत."

आबांनी डफ खुंटीला अडकवला. "मंग बोलून तर राह्यला त्याच्याशी. बोलू दे."

मंगळवारी दुपारी उगवतीकडून आभाळ भरून आलं. बाया भाकरी सोडून बसल्या होत्या. वारा पडला, रान एकदम गप झालं. बेबीनंदानं घास खाली ठेवला आणि उठली. बांधावर काकासाहेब उभे होते.

"मालक, मी चालले."

"कुठं?"

"पोरीला काढायला."

"अन् ठेवशील कुठं?"

"घरात ठेवीन. पण पाण्यात जाऊ देणार न्हाई."

घरून तिनं टिकाव, खोरं आणि पेटीतली धुतलेली सोलापुरी चादर घेतली. अंगद घरी नव्हता; पडलेल्या भिंतीचे दगड वेगळे करून ठेवलेले होते. ती वळणावर पोचेपर्यंत थेंब सुरू झाले. कड हातभर राहिली होती. तिनं क्रूस हलवून उपटला, बाजूला निजवला आणि टिकाव मारला. ओली माती खोऱ्याला चिकटून बसे. प्रत्येक खोऱ्यागणिक पायानं ढकलून काढावी लागे. कमरेएवढं खोल जायचं होतं. गुडघ्याएवढं झालं तेव्हाच तिला टिकाव उचलवेनासा झाला.

"सरक."

अंगद होता. धाप लागली होती, हातात बैलाचा कासरा. त्यानं कासऱ्याचं एक टोक तिच्या कमरेला बांधलं, दुसरं मागच्या बाभळीला.

"कडंकडून मी खंदतो. तू माती मागं ओढ."

पाऊस वाढला. दोघं खणत राहिली. लाकडाच्या पेटीचा भुगा झाला होता. फळ्यांचे काळे तुकडे तेवढे हाताला आले. अंगदनं खोरं वर टाकून दिलं आणि आत उतरून हातांनी माती काढू लागला.

"तू तिकडं तोंड कर," तो म्हणाला.

"न्हाई."

ती चादर पसरून काठावर बसली. तो एकेक वर द्यायचा आणि ती घ्यायची. नाताळाला शिवलेल्या फ्रॉकची नायलॉनची झालर जशीच्या तशी होती, नुसती मातकटलेली. ती हातात आली तेव्हा बेबीनंदाच्या तोंडून एक आवाज निघाला, बाळंतपणात निघाला होता तसा. अंगदनं वर बघितलं. मग पुन्हा खाली वाकला.

सगळं घेऊन झाल्यावर त्यानं चादरीची चारही टोकं बांधली आणि तिचा कासरा सोडला. दोघं बाभळीपर्यंत आली असतील नसतील, मागं धप्पकन आवाज झाला. खड्डा, लव्हाळा, बाजूला निजवलेला क्रूस, सगळी कड ओढ्यात गेली होती.

अंगदनं गाठोडं छातीशी धरलं होतं, टिकाव-खोरं बेबीनंदाच्या खांद्यावर होतं. पावसात ते भिजू नये म्हणून तो वाकून चालत होता. "घरी चल," एवढंच म्हणाला.

शेताच्या वाटेला लागली तर समोरून डोक्यावर पोत्याची खोळ घेतलेली एक बाई येत होती. पुष्पाबाई. तिच्या मागं पाय सावरत काकासाहेब.

"तिकडं न्हाई," पुष्पाबाई म्हणाली. "इकडं या. वर."

"अगं, पण पोरं काय म्हणतील..." काकासाहेब मागून म्हणाले.

"पोरांना मी सांगीन काय सांगायचं ते."

ती पुढं आणि तिघं मागं, अशी ती वरच्या कोपऱ्यात निंबापाशी आली. पुष्पाबाईनं वाकून गवत बाजूला केलं. खाली एक चपटा काळा दगड होता.

"हितं माझी पोर हाये," ती म्हणाली. "थोरल्या कल्याणच्या आधीची. नऊ दिवसांची. सासूबाईंनी सुपात घालून आणली अन् हितं ठिवली. मी बाळंतीण, मला येऊ दिलं न्हाई. घरात कुणी इषयच काढला न्हाई पुन्हा. सासूबाईंनी मरतानी सांगितलं, निंबाखाली काळा दगड हाये म्हणून." तिनं बेबीनंदाकडं बघितलं. "त्या दिवशी तू ओट्यापाशी बोलत होतीस अन् मी आतच उभी राह्यले. तवापासून झोप न्हाई मला. हिच्या शेजारी ठिव."

काकासाहेब दगडाकडं बघत होते. अंगदनं गाठोडं बेबीनंदाच्या हातात दिलं आणि तिच्याकडचा टिकाव घेतला. वरचा मुरूम कठीण होता, टिकाव खणखणत होता. हातभर खणून तो थांबला, हात गुडघ्यांवर टेकले. काकासाहेबांनी पुढं होऊन त्याच्या हातातला टिकाव घेतला. धोतर खोचलं आणि मारू लागले. म्हाताऱ्या माणसाचे घाव, हळू पण नेमके. मग पुन्हा अंगद. कमरेएवढं होईपर्यंत दोघांनी आळीपाळीनं खणलं.

करुणाला खाली ठेवली. माती लोटली. अंगदनं तळव्यांनी ती थापटून घट्ट केली आणि उशाशी एक दगड ठेवला.

"आता तुमच्यात काय म्हणतेत ते म्हण," पुष्पाबाई म्हणाली.

हे काम पाळकाचं, नाहीतर रखमाजी आबांचं. बेबीनंदानं मातीपाशी कधी प्रार्थना केली नव्हती. ती गुडघ्यांवर बसली. पदर डोक्यावर घेतला. "हे बापा," म्हणाली आणि तिला पुढचं सुचेना. पाऊस तिच्या पाठीवर पडत राहिला.

"माझ्या पोरीचं बी म्हण," पुष्पाबाई हळूच म्हणाली. "तिच्यासाठी कुणी काहीच म्हणलं न्हाई."

"नाव काय काकू?"

"नाव कुठलं? बारसंच झालं न्हाई."

"सुरेखा," काकासाहेब म्हणाले.

पुष्पाबाई वळली.

"मी ठरविलं होतं," ते म्हणाले. त्यांचं तोंड दुसरीकडं होतं. "बारशाला सांगणार होतो."

पुष्पाबाईनं खोळ तोंडावर ओढून घेतली. मग बेबीनंदानं डोळे मिटले.

"बापा, करुणा अन् सुरेखा, ह्या दोन्ही पोरी तुझ्यापाशी हायेत. हितं आमी त्यांना शेजारी शेजारी ठिवलंय. तिथं बी तशाच ठिव. एकीला चालता येत न्हवतं, तिला दुसरी कडेवर घेईल. आमी येऊस्तोवर त्यांना सांभाळ. आमाला बी सांभाळ. आमेन."

उठताना पुष्पाबाईनं तिचा हात धरला. "खरंच भेटतेत का गं?"

"भेटतेत काकू."

"तुला काय ठाऊक?"

"ठाऊक न्हाई. भरवसा हाये," बेबीनंदा म्हणाली. "त्याच्यावरच रोज उठते."

काकासाहेब आणि पुष्पाबाई घराकडं गेले. बेबीनंदा आणि अंगद वस्तीच्या वाटेला लागली. पाऊस आता बारीक झाला होता. अंगद टिकाव खांद्यावर टाकून पुढं चालत होता. मोठ्या बांधापाशी तो थांबला, पण वळला नाही.

"दवाखान्यात डॉक्टर मला म्हणले होते," तो म्हणाला. "पोर गेली त्या दिवशी. बाजूला घेऊन."

"काय?"

"दोन तासानं काही फरक पडला नसता. दोन दिवस आधी आणली असती तरी सांगता येत न्हवतं, म्हणले. तुमच्या बायकोला सांगा, म्हणले, तिनं मनाला लावून घेतलंय."

बेबीनंदा उभी राहिली. "अन् तुमी सांगितलं न्हाई."

"न्हाई."

"तीन वर्षं?"

"कुणावर तरी राग काढायचा होता. देव काही पुढं येऊन उभा राह्यला न्हाई. तू होतीस." त्यानं टिकाव खांद्यावरून खाली घेतला. "माफ कर म्हणायला तोंड न्हाई मला."

ती बांधावर मटकन बसली. चिखलातच. इतका वेळ आलं नव्हतं ते रडू आता आलं, आणि ते करुणाचं नव्हतं. भाकर थापताना, निंदताना, अंथरुणावर पडल्यावर, हजार वेळा मोजलेले ते दोन तास अंगातून निघून चालले होते, आणि निघतानाही ते दुखत होतं. अंगद चार पावलांवर टिकाव धरून उभा होता. जवळ यायची त्याची छाती होत नव्हती.

बऱ्याच वेळानं तिनं पदरानं तोंड पुसलं आणि उठली. त्याच्याकडं न बघता पुढं निघाली. त्याला ओलांडून वीस-पंचवीस पावलं गेली असेल. मागून पावलांचा आवाज येईना. ती थांबली.

"या," ती म्हणाली. "भिंतीवर ताडपत्री टाकायचीय."

पुढच्या रविवारी अंगदनं विळा घेतला नाही. तो रखमाजी आबांच्या दारात जाऊन पाठमोरा खाली बसला. म्हणाला, "आबा, चढा पाठीवर. पोरीपाशी नेतो." आबांनी चाचपत त्याच्या गळ्यात हात घातले. निंबापर्यंतची वाट अजून चिखलाचीच होती. अंगद एकेक पाऊल रोवून चढत होता, मागं डफ घेऊन बेबीनंदा, तिच्या मागं दोन बाया. वर पुष्पाबाई आधीच येऊन बसली होती. दोन्ही दगड तिनं धुऊन ठेवले होते.

आबांनी डफावर थाप मारली. बायांनी गाणं उचललं. अंगद उभाच होता, म्हाताऱ्याचे चिखलानं भरलेले जोडे हातात धरून. तीन वर्षांत तो गाण्याचे शब्द विसरला होता. ओळीचा शेवट आला की तेवढा त्याचा आवाज त्यांच्यात मिसळायचा, पुन्हा थांबायचा. बेबीनंदानं वळून बघितलं नाही. ती गात राहिली, प्रत्येक ओळीचा शेवट जरा लांबवत, म्हणजे त्याला सापडावा.